मुलीची फी आणि दात्याचा हक्क

मलकापूरला दानधर्म शिकवावा लागत नाही. रेल्वेने पूर्वेला निघाले की नांदुरा, जलंब आणि मग शेगाव. महामार्गाने पश्चिमेला निघाले की मुक्ताईनगर आणि पुढे तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव. दिंडीला चहा-फराळ देणारे, गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला भंडारा घालणारे, रमजानमध्ये जकात बाजूला काढणारे आणि १४ एप्रिलला वर्गणी देणारे हात या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या आहेत. तेव्हा लोक देतात की नाही, हा प्रश्नच नाही. घरची परिस्थिती नसलेल्या मुलीच्या इंजिनिअरिंगचा खर्च उचलणे, हा या देण्यातला त्या मानाने नवा प्रकार. व्यापारी, निवृत्त शिक्षक, समाजमंडळे, पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली गावची मुले असे अनेक जण आज या कामाला हात लावू शकतात, आणि काही जण लावतातही. या देण्याला आपण अन्नदानाच्या पंगतीला बसवायचे की नाही, आणि बसवायचे असेल तर पैसे दिल्यानंतर देणाऱ्याचा त्या मुलीवर काय हक्क उरतो, हा मला धर्माचा प्रश्न वाटतो, नुसता समाजकार्याचा नाही. माझे उत्तर आधीच सांगतो. हे दान अन्नदानाच्या तोडीचे आहे. पण ते दान ठरते ते दात्याने मुलीवरचा सगळा हक्क सोडला तरच. तिच्या शाखेवर, तिच्या लग्नावर, तिच्या नोकरीवर आणि तिच्या कृतज्ञतेवरसुद्धा त्याचा हक्क उरता कामा नये.

हा काही आधुनिक आग्रह नव्हे. धर्मशास्त्रात दानाची व्याख्याच अशी आहे की, देणाऱ्याचे वस्तूवरचे स्वामित्व संपले आणि घेणाऱ्याचे सुरू झाले, की दान पुरे झाले. नुसते हातातून सुटणे पुरेसे नाही. मालकीही सुटली पाहिजे. यज्ञात आहुती टाकताना ‘न मम’ म्हणतात ते याचसाठी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात उलट उपकाराची अपेक्षा ज्याच्याकडून नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर किंवा परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि अपमान करून दिलेले ते तामस. हनफी फिकहमध्ये जकातीची अट याहून काटेकोर आहे. जकात अदा व्हायची तर तो पैसा गरजवंताच्या मालकीचा झाला पाहिजे, तमलीक झाली पाहिजे; देणाऱ्याने त्याची दोरी हातात ठेवली तर जकात उतरली असे होत नाही. बौद्ध परंपरेत दान ही दहा पारमितांतली पहिली, आणि तिचा रोख देणाऱ्याच्या मनातली आसक्ती सुटण्यावर आहे. मलकापूरच्या एकाच पेठेत हे तिन्ही परंपरांचे लोक शेजारी शेजारी दुकाने मांडून बसतात. मोक्षाविषयी त्यांचे एकमत व्हायचे नाही. पण दिलेल्या गोष्टीवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही, यावर तिघांचेही शास्त्र एकाच जागी येऊन थांबते.

मग मुलीच्याच बाबतीत हे एवढे ठासून का सांगायचे? कारण आपल्या परंपरेत मुलगी ही दान घेणारी म्हणून क्वचितच पुढे आली. ती दान दिली जाणारी म्हणून पुढे आली. कन्यादानाला मोठे पुण्य मानले गेले. त्या विधीत देणाराही माणूस, घेणाराही माणूस आणि मधली दिली जाणारी गोष्टही माणूसच, पण तिला कुणी विचारत नाही. विशेष म्हणजे या ठिकाणी परंपरेलाही अडखळावे लागले होते. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व द्यायचे असते. या ‘सर्वस्वा’त त्याचे आईबाप, मुलेबाळे येतात का, असा प्रश्न मीमांसकांनी काढला आणि नाही असे उत्तर दिले, कारण माणसाची त्यांच्यावर मालकी नसते, आणि जिच्यावर मालकी नाही ती गोष्ट देता येत नाही. म्हणजे कन्यादानाच्या मांडवाखाली उभ्या असलेल्या बापाला शास्त्राचाच एक मोठा प्रवाह सांगतो आहे की, ही तुझी वस्तू नाही. मुलीच्या शिक्षणाला दिलेला पैसा हा न्याय प्रत्यक्षात आणतो. त्यात ती वस्तू नसते, पात्र असते. तिच्या नावाने बँकेत खाते असते, प्रवेशाच्या अर्जावर तिची सही असते. असे असताना दात्याने ‘आम्ही हिला शिकवली, आता हिचे लग्न आम्ही सांगू तसे’ असा सूर लावला, तर बापाच्या हातून काढून घेतलेली मालकी त्याने स्वतःच्या हातात घेतली, एवढाच फरक झाला.

मलकापूर ज्यात येते त्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात या जिल्ह्यात दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. शेजारच्या जळगावात ८४२. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्रातल्या ज्या दहा जिल्ह्यांची निवड करावी लागली त्यांत हे दोन्ही होते. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणारी गर्दी याच जिल्ह्यातली, आणि मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते तीही याच जिल्ह्यातून. ज्या मातीत आई म्हणून जिजाऊ आणि गुरू म्हणून मुक्ताई पुजली जाते, तिथे मुलगी जन्माला येण्याआधीच हिशेबातून वजा होते, याचे मूळ ‘परक्याचे धन’ या समजुतीत आहे. जी आपली राहणारच नाही तिच्यावर खर्च कशाला, हा तो हिशेब. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बारावीनंतर चार वर्षे मुलीला शिकवणे म्हणजे नेमक्या याच हिशेबाला हात घालणे होय.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आणली. वडील सरकारी कचेरीत नोकरीला, लेक घरी शिकलेली. तिने विचारलेला मूळ प्रश्न धर्माचाच होता: एकच कृत्य पुरुषाने केले तर त्याला एक माप आणि स्त्रीने केले तर दुसरे, हे कुठल्या देवाने ठरवले? हा प्रश्न हाती ठेवला तर मुलींच्या शिष्यवृत्तीवरचा सर्वांत रूढ आक्षेप टिकत नाही. म्हणतात, इंजिनिअर केली आणि लग्न होऊन घरी बसली, म्हणजे पैसा वाया. इंजिनिअर होऊन दोन-तीन वर्षे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला, मग वडिलांच्या दुकानात उभा राहिलेला मुलगा काही विरळा नाही. त्याच्या बाबतीत ‘वाया गेला’ हा शब्द आपण त्याच्या व्यसनासाठी राखून ठेवतो, शिक्षणासाठी वापरत नाही. त्याचे शिक्षण त्याचे असते; वापरले किंवा न वापरले. मुलीचे शिक्षण मात्र आपण गुंतवणूक म्हणून मोजतो आणि परतावा मागतो. शिवाय ती घरी बसते तेव्हा बहुधा ती स्वतः बसलेली नसते, बसवलेली असते. तो दोष तिच्या पदरात घालून तिच्या धाकट्या बहिणीची फी थांबवणे हे कुठल्याच धर्मात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारच फी भरते, मग खासगी दात्याची गरज काय? हे खरे आहे की जुलै २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहे. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. वसतिगृहाच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. शासनाने हे केले याचे मोल कमी लेखू नये. ज्यांनी आजवर फीसाठी दान दिले त्यांनी आपला पैसा फीवरून काढून दुसरीकडे वळवावा, एवढा बदल यातून नक्की झाला पाहिजे.

तो कुठे वळवावा हे कळण्यासाठी मलकापूर तालुक्यातल्या एखाद्या कोरडवाहू घराचे वर्ष डोळ्यांसमोर आणले पाहिजे. जूनमध्ये पेरणी. हातात होता तो पैसा बियाण्यात, खतात गेला. नव्हता तो कृषी केंद्रात उधारीवर आला. कपाशीची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास निघते आणि तेव्हा घरात पैसा दिसतो. इंजिनिअरिंगचे प्रवेश मात्र जुलै-ऑगस्टमध्ये होतात. कॅप राउंडची यादी लागते, जागा मान्य करण्याचे पैसे ऑनलाइन भरायचे असतात, मुदत दोन-चार दिवसांची असते. त्याच आठवड्यात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांसाठी सेतू केंद्र आणि तहसीलच्या खेपा. जात वैधता प्रमाणपत्र राहिले असेल तर बुलढाण्याची खेप. वसतिगृहाचे डिपॉझिट आणि मेसचा पहिला हप्ता रोख लागतो. ड्रॉइंगचे ड्राफ्टर, वर्कशॉपचा पोशाख, आणि आज ना उद्या लॅपटॉप. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मंजूर होऊन खात्यात पडेपर्यंत सत्र संपत आलेले असू शकते. एसटीची गोष्ट तर नेमकी दाखवण्याजोगी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत मिळतो. ज्या दिवशी बारावी संपते त्या दिवशी ही सवलत संपते. पुढे विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सूट मिळते, पण उरलेला तिसरा हिस्सा घरातून द्यावा लागतो. जिच्या आईची रोजंदारी वेचणीच्या किलोवर ठरते त्या घरात जुलै महिन्यात हा हिस्साही मोठा असतो. वर्षभरात मिळणारी मदत पुरेशी असूनही मुलगी जुलैत गळते, ती अशी. गीतेने देश, काल आणि पात्र असे तीन निकष सांगितले. पात्राची चौकशी आपण फार करतो. कालाची करत नाही. मार्चमध्ये आयकर वाचवण्यासाठी दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेसच्या हप्त्याला दिलेली छोटी रक्कम शास्त्राच्या कसोटीवर वरची ठरते.

आता अन्नदानाचा आक्षेप. भुकेल्याला घास देणे हे आद्य पुण्य. पुस्तकाची गोष्ट नंतरची, असे मनापासून मानणारे लोक आहेत आणि त्यांची भावना खोटी नाही. पण हा वाद आपल्याच जिल्ह्यात कृतीने मिटवला गेला आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दारी महाप्रसादाची पंगत रोज उठते, आणि त्याच शेगावात १९८३ साली महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. सेवा म्हणून पंगत वाढणे आणि सेवा म्हणून प्रयोगशाळा उभारणे यांत त्या परंपरेला विरोध दिसला नाही. गाडगेबाबांनी तर अधिक स्पष्ट भूमिका घेतली. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने कीर्तनातून लोकांना सांगितले की भांडी मोडा, सण कर्ज काढून करू नका, पण पोर शिकवा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. वारकऱ्याच्या निवाऱ्याची जागा विद्यार्थ्याच्या निवाऱ्याला द्यावी, यात त्यांना धर्माची हानी वाटली नाही. आज मलकापूरची मुलगी इंजिनिअर होते तेव्हा तिच्या पदवीवर विद्यापीठाचे म्हणून याच गाडगेबाबांचे नाव असते. पंजाबराव देशमुखांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले, त्यामागेही हीच दृष्टी होती की देवाला वाहिलेले धन समाजाच्या शिक्षणाला यावे. तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हणणारे होते. देवळाच्या पैशाला शिक्षणाची वाट दाखवणे हे धर्म बुडवणे असेल, तर शेगावने काय केले याचे उत्तर त्या मंडळींना देता येणार नाही.

मी तर याच्याही पुढे जाऊन म्हणेन की हे दान कमी आणि देणे जास्त आहे. वैदिक परंपरा माणसावर जन्मतः तीन ऋणे मानते: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. शतकानुशतके अर्ध्या समाजाला अध्ययनाची मनाई होती. म्हणजे ज्यांना शिकता आले ते आपले ऋण फेडत राहिले आणि ज्यांना शिकू दिले नाही त्यांच्यावर ते साचत गेले, असे म्हणायचे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ते साचलेले ऋण ज्यांनी दार बंद केले त्यांच्या खात्यावर आहे. मुलीची मेस भरणारा माणूस उपकार करत नाही. फार उशिरा हप्ता भरतो आहे. हप्ता भरणाऱ्याने सावकाराला ‘मी तुला जगवतो’ असे म्हणू नये.

इंजिनिअरिंगच का, असाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. गेल्या दीड-दोन दशकांत महाराष्ट्रात महाविद्यालये भरमसाट निघाली, जागा रिकाम्या राहिल्या, पदवी घेऊन दहा-पंधरा हजारांवर राबणारी मुले प्रत्येक गावात आहेत. त्यापेक्षा नर्सिंग करावे, बी.एड. करावे, मुलीला शोभेल असे काही करावे. यातला ‘शोभेल’ हा भाग सोडून बाकीचे मला मान्य आहे. मुलीला नर्सिंग हवे असेल तर पैसा नर्सिंगला द्यावा. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून डिप्लोमाच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षाला जायचे असेल तर तो रस्ता कमी खर्चाचा आहे आणि चांगलाही आहे. दात्याने शाखा ठरवू नये हे मी वर म्हटलेच. पण जिला यंत्रात, विजेत, पाण्यात गती आहे तिला परिस्थितीने तिकडे जाता आले नाही, तर नुकसान तिच्यापुरते राहत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा घ्या. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही धड मानवत नाही. त्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या हंड्यासाठी मैल मैल चालली ती बाई. नळयोजनेचा आराखडा काढणाऱ्या टेबलाभोवती मात्र ती नव्हती. नांदुरा तालुक्यात जिगावचा प्रकल्प होतो आहे. त्याचे कालवे, त्याचे पुनर्वसन, त्याच्या जलवाहिन्या यांचे निर्णय पुढची अनेक वर्षे चालतील. हंडा वाहिलेल्या घरातली मुलगी त्या टेबलाशी बसली म्हणून पाणी आपोआप गोड होणार नाही. पण टाकी गावाच्या कुठल्या टोकाला असावी आणि नळ किती वाजता सुटावा, हे प्रश्न तिच्या तोंडून वेगळे निघतील. १९४३ साली मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियंता होऊन बाहेर पडलेल्या ए. ललिता पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि अठराव्या वर्षी, कडेवर तान्ही मुलगी असताना, विधवा झालेल्या होत्या. घराने पाठीशी उभे राहून शिकवले म्हणून पुढे भाक्रा नांगलसारख्या कामाला त्यांचा हात लागला. तेव्हाच्या रूढीने ठरवलेल्या जागी त्या राहिल्या असत्या तर आज त्यांचे नावही कुणाला माहीत नसते.

मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. वि. भि. कोलते याच तालुक्यातल्या नरवेलचे. गरीब शेतकऱ्याच्या घरातून ते नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेले आणि त्यांनी आयुष्य महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनाला दिले. लीळाचरित्राची त्यांची आवृत्ती मराठीच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. त्या महानुभावांच्या इतिहासात एक निर्णय आहे. आचार्य नागदेवांपुढे पंथाचे ज्ञान संस्कृतात मांडण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. कारण तसे केले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना ते कळणार नाही, त्या वंचित राहतील. ज्ञानाची भाषा कोणती असावी हे तेराव्या-चौदाव्या शतकात, वऱ्हाडच्या भूमीवर वाढलेल्या पंथात, सर्वांत कमी शिकलेल्या स्त्रीकडे पाहून ठरले. आजच्या घडीला ज्ञानाची एक बळकट भाषा गणिताची आणि यंत्राची आहे, आणि ती मुलीपर्यंत पोचण्यात आडवा येतो तो पैसा. कोलत्यांचे नाव असलेल्या इमारतीत पैशाअभावी एखादी मुलगी पहिल्या वर्षातच गळाली, तर नागदेवांनी जो निकष लावला त्यात आपण नापास झालो असे मी म्हणेन.

सर्वांत अवघड आक्षेप अटींचा आहे. काहीच अट नको म्हटले तर पैशाचा गैरवापर होणार नाही का? दात्याला जबाबदारी विचारायचा अधिकार नाही का? इथे इतिहासातले एक मोठे उदाहरण विचारात घेतले पाहिजे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. महाराजांची दानत मोठी होती आणि करारही त्या काळच्या रीतीप्रमाणे होता. १९१७मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्याला गेले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाईसुद्धा अंतर राखून कागद टाकत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परत फिरावे लागले. करार फसला, शिष्यवृत्ती मात्र फसली नाही. बडोद्याला एक अधिकारी मिळाला नाही, देशाला संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष मिळाला. दात्याने परतावा म्हणून जे मागितले होते त्याहून पुष्कळ मोठे काही उगवले, ते दात्याच्या हक्काबाहेर उगवले. आणि करार मोडण्याचा दोष घेणाऱ्यावर नव्हता. ज्या समाजात देणारा वावरत होता त्याच्यावर होता.

यातून मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात: चौकशी आणि मालकी. मुलगी खरोखर शिकते आहे का, पैसा वसतिगृहालाच गेला का, हे विचारणे ही चौकशी. ती हवीच, नाही तर दुसऱ्या गरजू मुलीचा वाटा बुडतो. पुण्यात नव्वदच्या दशकाच्या मध्याला सुरू झालेल्या लीला पूनावाला फाउंडेशनने हजारो मुलींना शिकवले, पुढे वर्धा, अमरावती, नागपूरपर्यंत काम नेले. निवडीची चाचपणी आणि निवडीनंतर मुलीच्या पाठीशी राहणे, दोन्ही तिथे गांभीर्याने होते. स्वतः लीला पूनावाला फाळणीत सिंधमधून आलेल्या घरातल्या, आणि १९६७ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियंता झालेल्या. पण चौकशी कुठे थांबते हे नीट पाहिले पाहिजे. पहिल्या सत्रात गणिताचा पेपर राहिला म्हणून मदत बंद करणे ही चौकशी नव्हे. मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीचा पहिल्या वर्षी एखादा विषय राहणे हे जवळजवळ धरूनच चालावे. विद्यापीठ तिला एटीकेटी देते आणि दाता देत नाही, हे उलटेच झाले. तिने मोबाइल वापरू नये, अमुक कपडे घालावेत, चार वर्षे लग्नाचा विषय काढू नये किंवा आम्ही सांगू तिथेच काढावा, नोकरी जिल्ह्यातच करावी, या सगळ्या मालकीच्या अटी. लग्न लवकर करू नये असे मलाही वाटते. तरी ती अट दात्याने मुलीवर घालण्याऐवजी तिच्या बापाशी, भावाशी बसून बोलण्याचे कष्ट घ्यावेत. कायदा अठराच्या बाजूने आहेच.

धनादेश देतानाचा फोटो हाही मालकीचाच प्रकार आहे, आणि यावर मला कडक बोलावेसे वाटते. मुलीला व्यासपीठावर उभे करून, तिच्या वडिलांचा व्यवसाय, घरात किती खाणारी तोंडे, आई कुठे धुणीभांडी करते हे माइकवरून सांगून मग पाकीट द्यायचे, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर यायचे. ती मुलगी सोमवारी त्याच बातमीसह वर्गात बसते. गीतेने अपमान करून दिलेल्या दानाला तामस म्हटले ते अशाच देण्याला लागू पडते, दात्याच्या मनात कितीही गोडवा असो. गुप्तदानाला आपल्याकडे मोठे स्थान आहे. देवळाच्या पेटीत चिठ्ठी न लिहिता नोटा टाकणारे शेकडो भाविक शेगावला रोज येतात. देवासमोर जे नाव लपवता येते ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलीसमोर का लपवता येऊ नये? दुसऱ्याला प्रेरणा मिळावी म्हणून फोटो, हे समर्थन ऐकू येते. तर मग फोटो दात्याचा एकट्याचा छापा.

मुलांचे काय, असे विचारणाऱ्यांना थोडक्यात एवढेच: गरीब मुलालाही द्या. पण घरात एकाच्याच शिक्षणाला पैसा पुरतो तेव्हा कोणाचे नाव आधी कापले जाते हे सर्वांना माहीत आहे, म्हणून मुलीकडे आधी बघायचे. जातीच्या मंडळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रत्येक समाजाचा गुणगौरव सोहळा होतो, आपल्या समाजातल्या मुलीला मदत होते, आणि यात वाईट काही नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहेच काढली होती. अडचण अशी की ज्या समाजात एकही व्यापारी नाही, एकही अधिकारी नाही, त्या समाजातल्या मुलीच्या वाट्याला कोणते मंडळ येणार? भटक्या-विमुक्तांच्या पालावर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी पाड्यावर वाढलेल्या मुलीची पात्रता सर्वांत जास्त आणि तिच्यासाठीची पेटी सर्वांत रिकामी. म्हणून प्रत्येक मंडळाने आपल्या निधीतला एक ठरावीक हिस्सा समाजाबाहेरच्या मुलीला द्यावा असे मला सुचवायचे आहे. पात्र गरजेने ठरते, आडनावाने नाही.

राहता राहिली परतफेड. दात्याला काहीच परत मिळू नये का, या प्रश्नाला मुक्ताईच्या परंपरेत एक उत्तर आहे. चांगदेव म्हणजे योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला, शिष्यांचा ताफा बाळगणारा सिद्ध. त्याने गुरू केले ते लहानशा मुक्ताईला. ज्या भावंडांना आळंदीच्या ब्राह्मणांनी वाळीत टाकले, ज्यांना भिक्षाही मिळू नये अशी व्यवस्था झाली, त्यांतली सर्वांत धाकटी मुलगी देणारी झाली आणि सर्वांत मोठा म्हणवणारा घेणारा झाला. मुलीला पैसे देणाऱ्याने एवढी तयारी ठेवावी की उद्या ती त्याला काही शिकवील, आणि ते त्याला आवडणारे असेलच असे नाही. शिष्यवृत्तीच्या निवड समितीत पूर्वी मदत घेतलेली मुलगी सभासद म्हणून असावी. जुलैत पैसा का लागतो हे तिला ठाऊक असते, आणि अर्जातला कोणता प्रश्न अपमानकारक आहे हेही. ऋषिऋण ऋषीला परत करून फिटत नाही, ते पुढच्याला शिकवून फिटते. त्याच न्यायाने ती मुलगी दात्याचे काही देणे लागत नाही. लागत असेल तर आपल्यामागून येणाऱ्या मुलीचे. तेही तिने स्वतःच्या धर्मबुद्धीने ठरवायचे आहे. तिने पहिल्या पगारातून दुसरीची मेस भरली तर आनंद आहे. तिने तो पगार आईच्या औषधाला, घराच्या पत्र्याला किंवा स्वतःच्या आवडीच्या कपड्याला घातला आणि मलकापूरला पुन्हा कधी फोनही केला नाही, तरी जुलैत तिला दिलेला पैसा त्याच दिवशी तिचा झाला होता, आणि दात्याच्या पुण्यातही त्यामुळे पैभर घट होत नाही.